अक्काची खडी आणि मिशांची गाडी

आम्ही तिघं इंग्लंडला निघालो तेव्हा सामानात पाच शाली, पाच नारळ आणि दाजींची एक जुनी शपथ होती. नारळ भाचीनं फोनवरूनच बाहेर काढायला लावले. शाली नीट पोचल्या. शपथेचं काय झालं ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे. बाकी लंडनचा पूल, राजवाडा वगैरे ज्यांना वाचायचं असेल त्यांच्यासाठी पुष्कळ लोकांनी लिहून ठेवलेलं आहे.

दाजी म्हणजे रंगनाथराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे यजमान. वडवणीच्या सहकारी दूध संस्थेचे बरीच वर्षं चेअरमन. म्हशी आटल्या तरी संस्था आटू दिली नाही असं ते सांगतात, आणि ते खरंही आहे. त्यांच्या पिशवीत कायम एक शाल असते. कुठेही दोन माणसं चांगली वागली की त्यातल्या एकाचा सत्कार होतो. मी युसूफ वडगाव या गावचा, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. मला इंग्रजी येतं अशी घरात समजूत आहे, म्हणून मला सोबत घेतलं.

आता शपथ. बहात्तरच्या दुष्काळात वडवणीजवळच्या माळावर खडी फोडायचं काम निघालं होतं. नुकतंच लग्न झालेले दाजी आणि अक्का दोघं त्या कामावर होते. ही खडी रेल्वेची आहे, असं मुकादम सांगायचा. पुढं पाऊस पडला, काम बंद झालं, खडीचे ढीग तिथंच राहिले. रेल्वे काही आली नाही. बऱ्याच वर्षांनी रेल्वेच्या मागणीसाठी आठवडी बाजारात सभा झाली, तेव्हा दाजींनी माईक हातात घेऊन सांगितलं, "ज्या खडीपायी आमच्या हाताला फोड आले, त्या खडीवरनं गाडी धावल्याबिगर मी रेल्वेत पाय ठिवणार न्हाई." टाळ्या पडल्या. त्या दिवशी आणखी आठ-दहा जणांनी हीच शपथ घेतली आणि वर्षभरात सगळे परळीला जाऊन गुपचूप गाडीत बसून आले. दाजी तेवढे बसले नाहीत.

नवऱ्यानं शपथ घेतली की बायको तिच्यात आपोआप धरली जाते, हा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळं अक्काही रेल्वेत बसली नाही. तिरुपती एस.टी.नं, काशी ट्रॅव्हल्सनं. आणि अक्काला बस लागते. थोडीथोडकी नाही, लहानपणापासून. माहेराहून बीडला येताना पालीचं धरण दिसायच्या आत तिची पिशवी भरलेली असायची. लिंबू, आवळासुपारी, मंतरलेला दोरा, सगळं करून झालं. निघायच्या आदल्या दिवशी मी वडवणीला गेलो होतो तेव्हा ती दशम्या बांधता बांधता मला म्हणाली, "बापू, ह्यांची शपथ मला मोडायची न्हाई. पर मरायच्या आधी एकदा रेल्वेत बसायचंय. तू मास्तर हायस, काहीतरी तोड काढ."

मी मान हलवली. तोड काही माझ्याजवळ नव्हती.

शुक्रवार, ज्योतीच्या अंगणात

विमानात अक्काला काही झालं नाही. विमानतळावरून ज्योतीच्या, म्हणजे अक्काच्या लेकीच्या घरी मोटारीनं जाताना मात्र तीन वेळा गाडी थांबवावी लागली. ज्योती तिथं दवाखान्यात नोकरीला आहे. गाव इंग्लंडच्या मध्यावर कुठंतरी. घराला पुढं वीतभर आणि मागं दोन वीत अंगण.

मागच्या अंगणातलं गवत पिवळं पडलेलं होतं. ज्योतीनं गंभीर चेहरा करून सांगितलं की यंदा इथं दुष्काळ जाहीर झाला आहे आणि नळीनं बागेला पाणी घालायला बंदी आहे. दाजींनी स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला. धो धो पाणी आलं. त्यांनी तो बंद केला, पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला.

"ह्याला दुष्काळ म्हणतेत व्हय," ते म्हणाले. "मग आमच्याकडं जे असतं त्याला काय म्हणावं गुरुजी?"

संध्याकाळपर्यंत ते शेजारीपाजारी दुष्काळावर मार्गदर्शन करायला तयार झाले होते. शेजारच्या बाई कुंपणापाशी उभ्या राहून वाळलेल्या गुलाबाबद्दल हळहळत होत्या. दाजींनी माझ्यामार्फत त्यांना भांडी घासलेलं पाणी झाडाला घालण्याची पद्धत समजावून दिली. बाईंनी तीनदा आभार मानले. आपल्याकडं एवढे आभार मानले तर माणसाला संशय येतो.

अक्का मात्र हसली नाही. ती गवताच्या कडेला बसून मुळाशी बोट घालून बघत होती. "माती भेगाळली हाय," एवढंच म्हणाली.

जेवताना ज्योतीनं उद्याचा बेत सांगितला. जवळच एक जुनी रेल्वे आहे. सरकारनं ती कधीच बंद केली, पण काही लोकांनी संस्था काढून दहा-बारा किलोमीटरचा रूळ पुन्हा चालता केला. गाडी चालवणारे, तिकीट फाडणारे, रंग देणारे सगळे बिनपगारी. एरवी तिथं कोळशाची इंजिनं धावतात, पण यंदा गवत वाळल्यामुळं ठिणगी पडून आग लागायची भीती, म्हणून ती शेडमध्ये उभी आहेत आणि जुनी डिझेल गाडी चालू आहे.

रेल्वे म्हटल्यावर दाजींचा घास थांबला. संस्था म्हटल्यावर पुन्हा सुरू झाला.

"संस्था बघायला जाऊ," ते म्हणाले. "गाडीत बसायचं काही नाव काढू नका."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी भाजी मागून घेतली.

शनिवार, स्टेशनात

स्टेशन लहान, नुकतं सारवल्यासारखं स्वच्छ. कुंड्यांमधली फुलं सुकलेली आणि शेजारी पाटी, की दुष्काळामुळं पाणी घातलेलं नाही, क्षमस्व. कीथ नावाचे गृहस्थ आम्हाला न्यायला आले. वय दाजींच्याच बरोबरीचं, जन्मभर पोस्टमनची नोकरी केलेली, आता शनिवारी गाडी चालवतात. ज्योतीच्या ओळखीचे.

दाजींनी त्यांना आधी शाल घातली. कडक ऊन होतं, पण कीथ यांनी ती शाल दिवसभर खांद्यावरून काढली नाही. मग दाजींनी विचारपूस सुरू केली. चेअरमन कोण, सभा कधी होते, कोरम भरतो का, बिनविरोध होतं का. मी भाषांतर करून घामाघूम झालो. कीथ यांनी आवाज खाली आणून सांगितलं, की संस्थेत दोन तट आहेत. एक कोळशाच्या इंजिनवाल्यांचा, एक डिझेलवाल्यांचा. चहाला दोन वेगळ्या टेबलांवर बसतात. कोळसावाले डिझेलला गाडी मानायलाच तयार नसतात, पण यंदाच्या दुष्काळात डिझेलनंच संस्था तारली, म्हणून ते जरा नरमले आहेत.

दाजींचा चेहरा खुलला. "दोन पॅनल हायेत म्हंजी संस्था जिती हाय," ते म्हणाले. "नुस्तं गोड बोलत असते तर मला काळजी वाटली असती."

ती डिझेल गाडी बाजूच्या रुळावर उभी होती. दोनच डबे, गडद हिरवे, आणि तोंडावर मांजराच्या मिशांसारखे पिवळे पट्टे. कीथ यांनी मोठ्या मायेनं माहिती दिली. ही एकशे आठ क्रमांकाच्या वर्गातली. कोळसा सोडून डिझेलवर प्रवासी गाड्या चालवायला त्या देशानं सुरुवात केली, त्या पहिल्या पिढीतली. वेगळं इंजिन जोडलेलं नाही, यंत्र डब्याच्या पोटाखाली. दोन्ही टोकांना चालकाची खोली, त्यामुळं परत येताना गाडी वळवायला नको. आणि चालकाच्या पाठीमागं नुसती काच, म्हणजे पहिल्या बाकावर बसलं की चालकाच्या खांद्यावरून पुढचा सगळा रूळ दिसतो. त्या बाकासाठी लहान मुलं आणि म्हातारे यांच्यात भांडणं होतात, असं ते म्हणाले.

अक्का ती काच निरखून बघत होती. बसमध्ये पुढच्या सीटवर बसलं तर तिला जरा कमी लागतं.

मग कीथ सहज बोलून गेले, की खालची यंत्रं खरं तर बसच्याच जातीची, गिअरही बससारखेच पाडावे लागतात. घंटीही तशीच. गार्डानं एकदा वाजवली की थांब, दोनदा वाजवली की निघ.

"डबल बेल," दाजी म्हणाले. त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं. चेअरमनकीच्या काळात पोटनियमातून वाट काढताना त्यांचा चेहरा असाच व्हायचा. "गुरुजी, इंजिन बसचं, गिअर बसचे, घंटी एस.टी.ची. म्हंजी ही रुळावरची एस.टी. झाली. हिच्यात बसलं तर शपथेला काय धक्का लागतोय?"

मला वाटलं, सुटलो. माझ्या बहिणीचं काम परस्पर झालं. पण अक्का दोन पावलं मागं सरकली.

"बस असंल तर मी न्हाई बसत," ती म्हणाली. "जल्मभर बसच केली की मी. मला रेल्वेच पायजे."

दाजी पिशवीतल्या शालीची घडी मोडून पुन्हा घालायला लागले. कीथ यांनी मला विचारलं, काही अडचण आहे का. मी म्हटलं, आमच्या गावचा पन्नास वर्षांचा प्रश्न आहे. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि चहा आणायला गेले. तिकडं प्रश्न कितीही मोठा असो, आधी चहा होतो. आपल्याकडंही होतो, फक्त त्यात साखर असते.

शनिवार, गाडी सुटायच्या आधी

गाडी सुटायला तासभर अवकाश होता. ती उभी होती त्या रुळाच्या तोंडाशी चार-पाच म्हातारी माणसं नारिंगी जाकिटं घालून फावड्यानं खडी भरत होती. मागं खडीचा ढीग.

दाजी त्या ढिगाकडं बघत राहिले. कीथ यांना वाटलं, पाहुण्यांना काम बघायचं आहे. त्यांनी आम्हालाही जाकिटं चढवली आणि आत नेलं. काम करणाऱ्यांतल्या एकानं एक मोठा दगड फावड्यानं बाजूला ढकलला. हे असे मोठे निघतात, ते टाकून देतो, असं तो म्हणाला.

"टाकून कावून देता?" दाजी म्हणाले. "हातोडा आणा."

शेडमधून कोळसा फोडायचा हातोडा आला. इंजिनं उभी असल्यामुळं त्यालाही सुट्टीच होती. कीथ यांनी दाजींच्या डोळ्यांवर जाड चष्मा चढवला, त्याशिवाय परवानगी नाही म्हणाले. दाजींनी बाह्या वर केल्या. ही गोष्ट त्यांनी एवढ्या भाषणांत सांगितली होती, आणि मीही ती माझ्या वर्गात एवढ्या वेळा सांगितली होती, की मी फोटो काढायला मोबाईल काढून तयार उभा राहिलो.

पहिला घाव दगडाच्या बाजूला पडला. दुसऱ्याला दगड निसटला. तिसऱ्याला तो उडून कीथ यांच्या बुटावर बसला, आणि कीथ यांनीच माफी मागितली. चौथा घाव बरोबर मध्ये बसला, पण दगडाला काही झालं नाही.

"द्या इकडं," अक्का म्हणाली.

तिनं चष्मा घातला, जाकिटाखालून पदर खोचला आणि खाली बसली. दोन दगडांच्या बेचक्यात तो दगड टेकवला. एकदा फिरवला. पुन्हा फिरवला, अंगठ्यानं कसलीतरी रेघ चाचपली. मग हातोडा फारसा न उचलताच एक घाव. दगडाचे दोन सरळ भाग झाले. त्या भागांचे चार, चारांचे आठ. माझी साठी उलटून गेली, पण माझ्या बहिणीला हे येतं हे मला माहीत नव्हतं.

नारिंगी जाकिटवाल्यांनी फावडी खाली ठेवली.

"बापू, त्यास्नी इचार," ती मान वर न करता म्हणाली, "कोणत्या मापाची पायजे? दीड इंची का दोन?"

मी विचारलं. पाचही जण एकमेकांकडं बघायला लागले. खडी ट्रकनं येते, मापाचं त्यांना कोणी कधी विचारलेलं नव्हतं. शेवटी एकानं ढिगातला एक तुकडा उचलून दाखवला. अक्कानं तो हातात घेऊन पाहिला आणि पुढचे सगळे तेवढेच पाडले.

रुळाखाली आडव्या घालतात त्या जुन्या लाकडी स्लिपरांवर दाजी जवळच बसले होते. तिथूनच ते म्हणाले, "गुरुजी, एक सांगतो. खडी मी फोडलीच न्हाई. मी सातवी पास व्हतो, मुकादमानं मला हजरी मांडायला बसवलं. फोड आलते ते हिच्या हाताला."

"दोनदा पाटी उचलली व्हती की तुमी," अक्का म्हणाली. "सायब आला तवा."

"मग सभेत मी बोललो त्या दिवशी तू गप कावून बसलीस? घरी तरी म्हणायचं, की खोटं बोलू नका."

अक्कानं हातातला दगड फिरवला. "तुमच्या हातात माईक व्हता. माझ्या हातात कुठं व्हता?"

हे ती रागानं बोलली नाही, हिशेब सांगावा तसं बोलली. तरी मला लाज वाटली. त्या गोष्टीत मी शाळेच्या पोरांना दाजींच्या हाताचे फोड रंगवून सांगत होतो, आणि अक्काचं त्यात नावसुद्धा नसायचं. कीथ यांनी मला हळूच विचारलं, काय बोलणं चाललंय. मी म्हटलं, सर्वसाधारण सभा.

अक्का उठली. फोडलेली खडी तिनं पाटीत भरली, रुळाजवळ गेली आणि दोन स्लिपरांच्या मधल्या फटीत स्वतःच्या हातानं दाबून बसवली. त्यांच्या मुकादमानं बुटाच्या टाचेनं दाबून पाहिलं आणि अंगठा दाखवला.

"खडी माझी हाय तर शपथ बी माझीच झाली," ती दाजींना म्हणाली. "आता माझ्या खडीवरनं गाडी जाऊ द्या. मग मी बसते."

दाजी स्लिपरांवरून उठले. पोटनियमात यावर उत्तर नव्हतं.

आम्ही फलाटावर येऊन उभे राहिलो. कीथ आपल्या जागेवर चढले, शालीसकट. खालची यंत्रं खडखडली, निळा धूर निघाला, तो अगदी बीडच्या स्टँडवरच्यासारखा. मिशांची गाडी हळूहळू पुढं आली. पहिला डबा त्या जागेवरून गेला, मग दुसरा. अक्का वाकून चाकांकडं बघत होती.

"गेली," ती म्हणाली.

गाडी फलाटाला लागली तशी ती सरळ आत शिरली आणि पहिल्या बाकावर काचेपाशी जाऊन बसली. तिथं एक सात-आठ वर्षांची मुलगी आधीच बसायच्या बेतात होती, पण अक्काचा चेहरा पाहून ती मागच्या बाकावर गेली. दाजी दारातच उभे.

"मी काय करू?" त्यांनी विचारलं. मी त्यांना इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"तुमचं तुमी बघा."

"खडी तुझी, शपथ तुझी म्हणलीस. मग तूच सांग."

अक्कानं शेजारी ठेवलेली पिशवी उचलून जागा मोकळी केली. "बसा. पर काचेकडं मी."

दोनदा घंटी वाजली. दाजींच्या तोंडून सवयीनं "चला" निघालं आणि गाडी निघाली. कीथ यांनी गिअर टाकला, गाडीनं बससारखाच एक हिसका दिला, आणि मी अक्काकडं बघितलं. तिच्या एका मुठीत लिंबू, दुसऱ्या हातात उघडी पिशवी. समोर रूळ सरळ लांबवर गेलेला, दोन्हीकडं पिवळी कुरणं, एका वळणावर तळं, त्याचा निम्मा तळ उघडा पडलेला. त्या कोरड्या तळात मेंढ्या उभ्या होत्या.

"पाण्याकडं तोंड करून उभ्या हायेत," अक्का म्हणाली. "आपल्यासारख्याच."

दाजींनीही वाकून पाहिलं.

पहिलं स्टेशन गेलं, दुसरं गेलं. शेवटच्या स्टेशनात गाडी थांबली तेव्हा अक्कानं पिशवीची घडी घालून कमरेला खोचली आणि दशम्या सोडल्या. शेंगदाण्याची चटणी कीथ यांनाही दिली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागितली. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, पण मी चटणी खाल्लेली नव्हती. परत येताना अक्का गाडीच्या दुसऱ्या टोकाच्या पहिल्या बाकावर बसली, आणि ज्योतीनं दिवसभर कितीही वेळा बसता येईल असं तिकीट काढून ठेवलं होतं म्हणून त्या दिवशी आम्ही त्याच दहा-बारा किलोमीटरवरून तीनदा जाऊन आलो.

वडवणी, आठवडी बाजार

परत आल्यावर महिन्याभरानं बाजारात पुन्हा रेल्वेच्या मागणीची सभा होती. आमच्याकडं ती अधूनमधून असतेच. दाजींना व्यासपीठावर बोलावलं. परदेशातून आलेले म्हणून त्यांचाच सत्कार झाला, शाल घालून. लोक त्यांचं खडीचं भाषण ऐकायला सावरून बसले, निम्म्यांना ते पाठ होतं.

दाजी माईकसमोर उभे राहिले. "माझ्या हाताला फोड आलते असं मी आजवर सांगत आलो," ते म्हणाले. "ते खोटं हाय. फोडणारी तिकडं बसलीय." आणि त्यांनी ती शाल अंगावरून काढली, माईक दांड्यावरून सोडवला आणि दोन्ही घेऊन बायकांत बसलेल्या अक्काजवळ गेले.

अक्का उठायला तयार नव्हती. शेजारणींनी ढकलून उभी केली. तिनं माईक हातात घेऊन आधी फिरवून पाहिला, त्या दिवशी दगड फिरवला होता तसाच.

"खडी म्या फोडून ठिवली हाय," ती म्हणाली. "पन्नास वर्सं झाली. आता गाडी आणा. मला बस लागती."